मळा गावासाठी राखायचाय? मग ट्रस्ट सगळ्यात शेवटी करा

प्रश्न थोडक्यात असा. हवेली तालुक्यात, पुणे महापालिकेच्या हद्दीला खेटून पण बाहेर, एका कुटुंबाचा ४ एकर १२ गुंठ्यांचा मळा आहे. कसणारी ही पाचवी पिढी. मोटेच्या काळातली दगडी विहीर, तिच्या अंगाला जुना वाडा, तीसेक रायवळ आंबे, एक चिंच. वडील गेले. मागे दोन भाऊ आणि प्रश्न विचारणाऱ्या ताई, शिवाय वडिलांच्या दोन बहिणी हयात आहेत. जमीन घेणाऱ्यांचे फोन रोज येतात. भावंडांना मळा विकायचा नाही आणि वाटून त्याचे तुकडेही करायचे नाहीत. गावातल्या मुलांना, बचत गटातल्या बायकांना, शेतकऱ्यांना तो कायम वापरता यावा अशी इच्छा आहे. ‘यासाठी ट्रस्ट कसा करायचा, की सरळ ग्रामपंचायतीला देऊन टाकायचा?’

ताई, महसूल आणि धर्मादायची कामं करता करता माझी तीस वर्षं गेली, आणि हा प्रश्न मला वर्षातून दोनतीनदा तरी येतो. दरवेळी तो ‘ट्रस्ट कसा करायचा’ इथूनच सुरू होतो. ट्रस्ट करणं सोपं आहे. ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज गेला, घटना नीट असली, की नोंदणी होते. अवघड काय, तर ट्रस्टच्या नावावर गेलेला मळा दहा वर्षांनी मळाच राहणं.

माझीच एक चूक सांगतो. वकिलीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत एका कुटुंबाचा असाच ट्रस्ट मी करून दिला होता. पाच विश्वस्त, पाचही घरातले, तहहयात. कागद इतका देखणा झाला होता की मी त्याची नक्कल जपून ठेवली. तिसऱ्या वर्षी दोन चुलत भावांचं बिनसलं. एक विश्वस्त वारला, त्याच्या जागी कोण यावर दोन वेगवेगळे बदल अर्ज दाखल झाले, आणि त्या वादात अकरा वर्षं गेली. तोवर पंपाचं वीजबिल कोणी भरायचं हेच ठरलेलं नव्हतं. मी शेवटचा गेलो तेव्हा विहिरीत पाणी होतं आणि कलमं वाळलेली होती. जमीन विकली गेली नव्हती. कागदाने आपलं काम चोख केलं होतं.

तेव्हापासून मी क्रम उलटा सांगतो. आधी मळा वापरात आणा, मग माणसं ठरवा, मग पैसा, आणि हे सगळं दोन वर्षं चाललं की जे चाललंय तेच कागदावर उतरवा.

याची मोठी उदाहरणं तुमच्या आजूबाजूलाच आहेत. १९४६ साली गांधीजी उरुळी कांचनला आले, तिथं निसर्गोपचार आश्रम सुरू झाला, जागा गावातूनच मिळाली. गांधीजी काही दिवस राहून गेले. मणिभाई देसाई मात्र राहिले, आणि पुढे १९६७ साली शेती-पशुपालनात काम करणारी बाएफ ही संस्था तिथूनच उभी राहिली. पाबळला १९८३ साली डॉ. कलबागांनी विज्ञान आश्रम काढला, तोही तिथं राहायला जाऊनच. जमीन देणारे बरेच भेटतात. रोज सकाळी फाटक उघडणारा एक माणूस तुमच्याकडे आहे का, हे मला पहिल्या भेटीत विचारावं लागतं. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की धाकटा भाऊ मळ्यातच राहतो आणि शाळेच्या पोरांना चिंचा पाडू देतो. तुमच्या पूर्ण पत्रात मला सगळ्यात आश्वासक वाटलेलं वाक्य तेच.

आता जमिनीकडे येऊ. घराणं जितकं जुनं तितका सातबारा बारकाईने वाचावा लागतो. पाच पिढ्यांचा मळा म्हटल्यावर घरात एखादी गोष्ट असतेच, की पेशव्यांनी दिला, पाटीलकीत मिळाला. अभिमान ठीक आहे, पण जमीन खरंच वतनाची किंवा इनामाची असेल तर कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, पाटीलकीची १९६२ च्या, आणि फेरदान झालेल्या, म्हणजे वतन गेल्यावर घराला परत मिळालेल्या, बऱ्याच जमिनी नवीन शर्तीने आल्या. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसला तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बक्षीसपत्रसुद्धा करता येत नाही. घरच्या गोष्टीला पुरावा हवा असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आहे. पण तिकडे जाण्याआधी तहसील कार्यालयातून सगळे जुने फेरफार काढा, अगदी पहिल्या नोंदीपासून. जुने असतील तर काही मोडी लिपीत निघतील, वाचून घ्या. एका कुटुंबाला ‘तीनशे वर्षांपासून आमचा’ असलेला मळा खापरपणजोबांनी सावकाराकडून गहाण सोडवून घेतल्याची नोंद मी वाचून दाखवली होती. थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग त्यांची आजी म्हणाली, ‘म्हंजी कष्टानं घेतलाय की.’

कुळकायद्याचीही एक नजर टाका. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला (त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं) त्या जमिनीत कोणी कूळ होतं का, ‘इतर हक्कात’ कोणाचं नाव राहिलंय का, परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही असा कलम ४३ चा शेरा आहे का. पन्नास वर्षांपूर्वीचं एक नाव इतर हक्कात तसंच पडून असतं आणि दानाची बातमी पसरली की त्याचे नातू दारात येतात.

आणि आत्या. तुम्ही लिहिलंय, ‘आत्यांचा प्रश्न नाही, त्या आमच्याच आहेत.’ ताई, प्रश्न तिथंच असतो. सातबाऱ्यावर त्यांची नावं नाहीत म्हणून हक्क नाही असं होत नाही. आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांच्या हिश्शात मुली १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच वारस आहेत. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच हिस्सेदार झाली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. त्यांच्या सहीशिवाय केलेलं दान त्यांची नातवंडं कोर्टात नेऊ शकतात.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका आत्यांना भेटायला सहकारनगरला गेलो होतो. पुतण्या हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन सोबत. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, कागद उलटा ठेवला आणि विचारलं, ‘गावाला देताय, चांगलंय. पण मला सही मागायला येताय की विचारायला?’ पुतण्या गप्प. मी चहा पीत राहिलो, कारण त्या प्रश्नाला वकिलाचं उत्तर नसतं. तासाभराने कळलं की त्यांना पैसे नको होते. गावच्या यात्रेला पाच दिवस माहेरच्या घरात उतरायचं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ट्रस्ट झाल्यावर वाड्याला संस्थेचं कुलूप लागेल ही भीती होती.

ती भीती रास्त होती. सार्वजनिक ट्रस्टच्या मालमत्तेत ‘आमच्या घरच्यांना राहण्याचा हक्क’ असं कलम घातलं की धर्मादायमध्ये शंका निघते आणि प्राप्तिकराच्या सवलतीतही अडचण येते. म्हणून आम्ही वाडा आणि त्याभोवतीचे १० गुंठे ट्रस्टबाहेर, कुटुंबाकडेच ठेवले. १० गुंठेच का, तर तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये बागायतासाठी प्रमाणभूत क्षेत्र तेवढं झालं. त्याहून लहान तुकडा वेगळा काढायला गेलं की भांडण नको तिथून सुरू होतं. आत्यांनी सही केली. वाड्याची एक किल्ली आता त्यांच्याकडे असते.

तुम्हीही हेच आधी ठरवा: काय राखून ठेवायचं. राखण्यात लाज नाही. सगळं देतो म्हणायचं आणि मग दर दिवाळीला आंब्याच्या पेट्यांवरून विश्वस्तांशी वाद घालायचा, हे मी जास्त पाहिलंय. मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर एकत्र केले. त्यांना मळ्याचं शहर करायचं होतं, तुम्हाला बरोब्बर उलट करायचंय. तरी तिथलं एक घेण्यासारखं आहे: कोणाचं किती, हे जमिनीच्या प्रमाणात आधी कागदावर आलं, बाकी सगळं नंतर.

ग्रामपंचायतीला द्यावं का? माझं मत विचाराल तर नाही. ग्रामपंचायत वाईट म्हणून नव्हे. तिला पाण्याची टाकी, अंगणवाडी, कचऱ्याचं शेड, सभागृह या सगळ्यासाठी जागा हवीच असते आणि तुमचा मळा ही तिच्या हातातली एकमेव मोकळी जागा असेल. शिवाय उद्या गाव महापालिकेत गेलं, तर मालमत्ताही तिकडे जाते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुण्यात गेली. तुमच्या गावाची पाळी कधी येईल ते मी सांगत नाही, पण धरून चाला. गावाला विश्वस्त मंडळात जागा द्या, सरपंचाला पदसिद्ध घ्या. मालकी देऊ नका.

मग मृत्युपत्रात ‘हा मळा कोणी कधीच विकू नये’ असं लिहून मुलांच्या नावावर ठेवला तर? बरेच ज्येष्ठ हेच करतात. ती अट टिकत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १० मधल्या तत्त्वाप्रमाणे पूर्ण मालकी देऊन वर ‘विकायची नाही’ असा संपूर्ण बांध घालता येत नाही. काही देशांत मालकी कुटुंबाकडेच ठेवून ‘इथं बांधकाम होणार नाही’ असा कायमचा करार जमिनीवर चढवता येतो. आपल्याकडे शेतजमिनीसाठी तशी सरळ सोय नाही. मात्र त्याच कायद्यातलं कलम १८ लोकहितासाठी दिलेल्या मालमत्तेवर कायमस्वरूपी बंधन घालायची मोकळीक देतं. म्हणून शेवटी गाडी सार्वजनिक ट्रस्टवरच येते.

तोही अभेद्य नाही, हे आताच ऐकून ठेवा. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, शेतजमीन १० वर्षांहून जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायलाही लागते. म्हणजे कुलूप आहे, आणि किल्लीही आहे. ‘ट्रस्टच्या हिताचं आहे’ हे पटवून दिलं की विक्री होऊ शकते. म्हणून उद्देश ढोबळ लिहू नका. ‘समाजकल्याण व शिक्षण’ असं लिहिलंत तर उद्या मळा विकून शहरात वसतिगृह बांधणं हेही त्यात बसतं. ‘गट क्रमांक अमुक येथील शेतजमीन, विहीर, पाट व आंब्याची झाडे शेती म्हणूनच जतन करणे आणि गावकऱ्यांना शिकण्यासाठी व वापरण्यासाठी खुली ठेवणे’ असं, गट क्रमांकासकट लिहा. रस्त्यासारख्या सार्वजनिक कामासाठी सरकारने जमीन संपादन केली तर ट्रस्टमुळे ती थांबत नाही. तेव्हा मोबदला याच परिसरात दुसरी शेतजमीन घेण्यासाठीच वापरायचा, हे वाक्यही आत्ताच घाला.

बक्षीसपत्र नोंदणीकृत लागतं. कुटुंबातल्या कुटुंबात शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक नाममात्र असतो, पण ती सवलत ट्रस्टला लागू नाही. रक्कम डोळे विस्फारायला लावते, आधी बाजारमूल्य काढून बघा. दुसरं, ट्रस्ट हा शेतकरी नसतो. शेती विभागातली जमीन त्याला बक्षीस द्यायची तर कुळकायद्याच्या कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. महापालिका हद्दीत आणि बिगरशेती विभागात याला काही सूट आहे, म्हणून झोन दाखला पहिल्या आठवड्यातच काढा. आणि जमीन दिली म्हणून प्राप्तिकरात ८०जीची वजावट मिळेल असं कोणी सांगितलं असेल तर विसरा, ती फक्त पैशाच्या देणगीला आहे.

विश्वस्त सात ठेवा, मुदत पाच वर्षं. घरचे दोन, त्यातली एक मुलगी किंवा सून. गावचे तीन. एक शेतीतला जाणकार. आणि एक असा माणूस, ज्याला तुमच्या घराण्याचं काही देणंघेणं नाही आणि ज्याला हिशेब कळतो.

पैशाचं गणित कोणी करत नाही, म्हणून मी पाटी घेऊन बसवतो. राखणदार, वीज, पंपाची दुरुस्ती, कुंपण, हिशेब तपासणी. समजा महिन्याला ३० हजार लागले, तर वर्षाला ३ लाख ६० हजार. ७ टक्के व्याज धरलं तर त्यासाठी ५१ लाखांच्या पुढे ठेव लागेल. हा आकडा ऐकून उत्साह ओसरतो, पण तो दानाच्या आधी ओसरलेला बरा. काही भाग मळा स्वतः काढतो: आंबे उक्ते दिले, रोपवाटिका चालवली, शाळांच्या सहली घेतल्या. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात एक एकरापासून नोंदणी होते, तेही बघा. एम्प्रेस गार्डन अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी चालवते. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाची गर्दी आपण सगळे पाहतो, पण फाटकावरचं तिकीट आणि रोपांची विक्री वर्षभर चालू असते. इतकं करूनही भागत नसेल तर कडेचे २० गुंठे विकून ठेव करा. हे बोललं की लोक माझ्याकडे पाप केल्यासारखं बघतात. मी तरी हेच म्हणेन: चार एकर उपाशी ठेवण्यापेक्षा पावणेचार एकर पोसलेले बरे.

कागद करण्याआधीच्या या दोन वर्षांत काय करायचं ते आता सांगतो. मळा कोणालाही खंडाने किंवा वाट्याने देऊ नका, कुळाचा प्रश्न नव्याने उभा राहील. शाळेला, बचत गटाला वर्षावर्षाचा लेखी वापर परवाना द्या. दर रविवारी फाटक उघडा, कोण येतं, काय करतं याची वही ठेवा. ही वही पुढे धर्मादायमध्ये कुठल्याही भाषणापेक्षा जास्त कामाला येते. मोजणी करून हद्दीचे दगड पक्के करा. ई-पीक पाहणीत झाडांची नोंद दरवर्षी जाऊ द्या. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडून ते रायवळ आंबे लोक जैवविविधता नोंदवहीत, प्रत्येकाच्या घरच्या नावासकट, चढवून घ्या. शेंदऱ्या, खोबऱ्या, गोटी, जे काही तुमच्याकडे म्हणत असतील ते. गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला हे खरं, पण ती १८७३ पासूनची सरकारी बाग आहे. तुमच्या चार एकरांसाठी त्या मागे लागून वर्षं घालवू नका, नोंदवही पुरे.

विहिरीच्या काठावरून पाणवठ्याला जाणारी जुनी पायवाट आहे असं तुम्ही लिहिलंय. लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने जात असतील तर गावच्या त्या रूढ हक्काची महसूल दफ्तरात नोंद असू शकते. आहे का बघा, नसेल तर करून घ्या. मळ्यावर गावाचा एक हक्क आधीच लिहिलेला असणं तुमच्याच फायद्याचं आहे.

आणि ती विहीर. फोटोत मोटेचं पाणी पडायचं थारोळं दिसतंय, बैलांची धाव अजून शाबूत आहे, काठाच्या दगडावर मोटेच्या नाड्याने, म्हणजे दोराने, पडलेले चरे तर इतके खोल आहेत की बोट जाईल. पोरांना मोट म्हणजे काय हे सांगायला तो एक दगड पुरतो. पश्चिमेच्या बाजूला तिसऱ्या थरात पिंपळ उगवलाय. तो ओढून काढू नका, मुळाबरोबर दगड निसटेल. कापत राहा आणि गवंड्याला दाखवा. सांधे भरायचे तर चुन्यातच. सिमेंट भरलं की आतली ओल बाहेर यायला जागा राहत नाही, दगडाची कडा पापुद्र्यासारखी सुटते आणि चारपाच पावसाळ्यांत नवीन भरलेलं सिमेंट जुना दगड घेऊन खाली येतं. थोरला भाऊ ‘या उन्हाळ्यात विहीर पक्की करून टाकतो’ म्हणतोय, त्याला तेवढं थांबवा. आत्यांकडे तुम्ही स्वतः जा, भावांना पाठवू नका, आणि मसुदा घेऊन जाऊ नका. सगळे फेरफार हातात आले की मला दाखवा.